सॉल्व्हंट प्रिंटचं विनाइल लॅमिनेशनआधी नीट कसं वाळवायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका दूध डेअरीच्या चार टेम्पोंचं ब्रँडिंग आमच्याकडे आलं. संध्याकाळी सहाला प्रिंट संपली, हात फिरवून बघितला तर कुठेच चिकटत नव्हती, पार्टीचा फोनवर फोन चालू, मग रात्री अकराला लॅमिनेशन मारलं, म्हणजे प्रिंटवर पारदर्शक फिल्म चिकटवली, आणि सकाळी गाड्यांवर चढवलं. आठ-दहा दिवस सगळं एकदम मस्त. मग त्यांच्या ड्रायव्हरने फोटो पाठवला. गडद निळ्या पट्ट्याची खालची कड दोनेक मिलिमीटर आत सरकलेली, सरकलेल्या जागेवर गमाची चिकट रेघ, तिच्यावर रस्त्याची धूळ बसून ती काळी पडलेली, आणि रिवेटच्या भोवती विनाइल छोट्या तंबूसारखं उभं राहिलेलं. त्याच शीटचा जो भाग पांढरा होता, म्हणजे जिथे इंक पडलीच नव्हती, तो मात्र जागचा हलला नव्हता.

तो पांढरा भाग बघितला आणि डोक्यात प्रकाश पडला. विनाइल तेच, गम तोच, पत्रा तोच, चढवणारा पोरगा तोच, बिघडलं फक्त जिथे इंक जास्त होती तिथे. चारही गाड्यांचं काम आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा करून दिलं, आणि जुनं काढताना विनाइल हातात आलं पण गम पत्र्यावरच राहिला, तो पुसण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून कोल्हापुरातल्या आमच्या दुकानात वाळवायची जी पद्धत बसली ती इथे सगळी लिहितोय. ज्यांनी नवीन इको सॉल्व्हंट मशीन टाकलंय त्यांनी जरा वेळ काढून वाचा, कारण मशीन देणारा इंक फवारणाऱ्या हेडचं क्लिनिंग शिकवतो, प्रोफाइल (कुठल्या मटेरियलवर किती इंक टाकायची याची सेटिंग) टाकून देतो, पण वाळवण्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही.

आधी आत काय होतं ते बघू

सॉल्व्हंट इंक विनाइलवर नुसती बसत नाही, ती आत शिरते. तिच्यातलं सॉल्व्हंट पीव्हीसीचा वरचा थर मऊ करतं, त्यात रंग आणि रेझिन रुततं, मग सॉल्व्हंट उडून जातं आणि रंग पक्का धरून राहतो. म्हणूनच ही प्रिंट पाण्याने जात नाही, नखाने सहज खरवडत नाही. पण हे उडून जाणं एका दमात होत नाही. वरवरचं सॉल्व्हंट मशीनच्या हीटरवरच मिनिटांत उडतं आणि प्रिंट हाताला कोरडी लागते, विनाइलच्या पोटात गेलेलं मात्र तासांच्या, कधी दिवसांच्या हिशेबाने बाहेर येत राहतं. यालाच आउटगॅसिंग म्हणतात.

आता हे चालू असतानाच वरून लॅमिनेशनची फिल्म मारली की वरचा रस्ता बंद. खाली रिलीज पेपर, म्हणजे गमामागचा सोलून काढायचा कागद, वर फिल्म, मग आतलं सॉल्व्हंट जाणार कुठे? ते गमात उतरतं. गम मऊ पडतो, धरून ठेवायची त्याची ताकद कमी होते. विनाइलसुद्धा मऊच राहतं, लावताना नेहमीपेक्षा जास्त ताणलं जातं, आणि मग सॉल्व्हंट हळूहळू निघेल तसं आखडायला लागतं. आखडणारं विनाइल आणि ढिला पडलेला गम, दोन्ही एकत्र आले की कडा सुटणारच. वरच्या बाजूला फिल्मच्या गमातही तेच सॉल्व्हंट शिरतं, त्यातून बबल येतात, काळ्या भागावर धुरकट छटा येते.

इथे एक गैरसमज फार आहे. इको सॉल्व्हंटला वास कमी येतो म्हणून लोकांना वाटतं की ते लवकर वाळतं. उलट आहे. फ्लेक्सच्या मोठ्या मशीनमध्ये जी हार्ड सॉल्व्हंट इंक असते तिच्यात बऱ्याचदा सायक्लोहेक्झॅनोनसारखी सॉल्व्हंट असतात, ती नाकाला झोंबतात पण उडतातही भराभर. इको सॉल्व्हंटमध्ये ग्लायकॉल इथर जातीची, जास्त तापमानाला उकळणारी सॉल्व्हंट वापरतात, हवेत कमी जातात म्हणून वास कमी, आणि त्याच कारणाने ती विनाइलमध्ये जास्त वेळ रेंगाळतात. म्हणजे वास नाही म्हणून बिनधास्त राहायचं कारण नाही.

प्रिंट द्यायच्या आधीच अर्धं काम होतं

वाळवायला किती वेळ लागणार हे तुम्ही किती इंक टाकली यावर ठरतं, आणि ते फाइल आणि प्रोफाइलमध्ये ठरतं, पंख्याखाली नाही. डिझायनरने काळ्यासाठी सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक (सी, एम, वाय, के) चारही शंभर टक्के ठेवले असतील तर तिथे एकूण ४०० टक्के इंक पडणार, ती कुठलंच विनाइल नीट पचवत नाही. आमच्याकडे गडद काळ्यासाठी सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असं ठेवतो, म्हणजे २४० टक्के, डोळ्याला तितकाच दाट काळा दिसतो आणि इंक साठ टक्क्यांवर येते. प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर मेनटॉप असो, फोटोप्रिंट असो की ऑनिक्स, इंक लिमिट कुठे लावायची ते एकदा बसून शिकून घ्या. विनाइलच्या कंपनीने त्यांच्या डेटाशीटमध्ये जास्तीत जास्त इंकचा आकडा दिलेला असेल तर तो पाळा. एका विनाइलचं प्रोफाइल दुसऱ्या विनाइलवर चालवू नका, हे तर सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच करतात.

फ्लेक्सचं प्रोफाइल विनाइलवर चालवणं हा त्याहून वाईट प्रकार. फ्लेक्सला मागे गम नसतो, त्यामुळे तिथे जास्तीची इंक खपून जाते, विनाइलवर तीच इंक गमापर्यंत पोचते.

विनाइल कुठलं आहे तेही बघा. साधं, स्वस्तातलं मोनोमेरिक ८० ते १०० मायक्रॉनचं असतं, गाड्यांच्या रॅपिंगचं कास्ट साधारण ५० मायक्रॉनचं. कास्ट महाग आहे, उत्तम आहे, पण पातळ आहे, म्हणजे तेवढीच इंक टाकली तर सॉल्व्हंटला गमापर्यंत जायचं अंतर कमी. महागाचं विनाइल घेतलं म्हणून वाळवण्यात सूट मिळत नाही, कास्टवर मी उलट जास्त सांभाळून असतो.

कटिंगचे स्टिकर असतील तर डिझाइनमध्येच कडेला एक-दोन मिलिमीटर बिनप्रिंटचं पांढरं सोडता येतं का ते पार्टीला विचारा. कापलेल्या कडेपर्यंत गडद रंग आला की पहिली तीच कड उचलते.

मशीनवर

प्री, प्रिंट आणि पोस्ट असे तीन हीटर असतात. आमच्या मशीनवर पहिले दोन ४० डिग्रीच्या आसपास आणि पोस्ट हीटर ५० च्या आसपास चालतो, तुमच्या इंकला आणि विनाइलला काय लागतं ते दोन तुकडे मारून ठरवा. पोस्ट हीटर वाढवला की लवकर वाळेल या आशेने लोक ६० च्या वर नेतात, मग विनाइल लाटांसारखं उठतं आणि हेडला घासतं, एक हेड गेलं की चार महिन्यांची कमाई गेली. पास, म्हणजे एका जागेवरून हेड किती वेळा जातं ते, वाढवा, ते जास्त उपयोगी. ४ पासऐवजी ८ पासला तीच इंक थोडी थोडी करून पडते, मध्ये हीटरला वेळ मिळतो. मशीनसमोर जो एक्स्ट्रा ड्रायर पंखा असतो तो चालू ठेवा, त्याचा वारा हेडकडे जाणार नाही एवढं बघा, नाहीतर नोझल सुकतात.

हीट गनने प्रिंट वाळवणारे मी बघितलेत. ते करू नका. वरचा थर एकदम कडक होतो, साय धरते तसा, आणि खालचं सॉल्व्हंट त्याच्याखाली अडकून बसतं. शिवाय ही वाफ पेट घेणारी आहे हे डोक्यात पाहिजे.

टेकअपवरून उतरवल्यावर लगेच

सगळ्यात मोठी चूक इथे होते. प्रिंट रात्रभर चालते, टेकअपवर, म्हणजे मशीनच्या प्रिंट गुंडाळणाऱ्या दांड्यावर, रोल घट्ट गुंडाळला जातो, सकाळी ऑपरेटर तो रोल उतरवून कोपऱ्यात ठेवतो, दुसऱ्या दिवशी सकाळी काढतो आणि म्हणतो चोवीस तास झाले. चोवीस तास झाले खरे पण वाळलं काहीच नाही. घट्ट रोलमध्ये हवा जात नाही, एका वेढ्यातून निघालेलं सॉल्व्हंट वरच्या वेढ्याच्या रिलीज पेपरला आणि कडांना लागून तिथेच राहतं. असा रोल तीन दिवसांनी उलगडला तरी आतल्या वेढ्यांना प्रिंट झाल्या झाल्या येतो तसाच वास येतो, एकदा स्वतः करून बघा.

त्यामुळे तास मोजायचे ते रोल सैल केल्यापासून, प्रिंट संपल्यापासून नाही.

जागा असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे शीट कापून आडव्या टेबलावर पसरायच्या किंवा दोरीवर क्लिपने टांगायच्या, प्रिंटची बाजू मोकळी. एकावर एक शीट ठेवू नका, रिलीज पेपर मध्ये आहे म्हणून चालेल असं नसतं. पण दहा बाय वीसच्या गाळ्यात तीस मीटरची प्रिंट पसरणार कुठे, म्हणून आम्ही रोल उभा करतो. तो असा.

प्रिंट बाहेरच्या बाजूला येईल असा रोल परत सैल गुंडाळायचा, इतका सैल की दोन वेढ्यांच्या मध्ये हात सहज आत जाईल. दहा मीटरचा रोल असा केला की तो बादलीपेक्षाही जाड दिसतो, तेवढा दिसलाच पाहिजे. बाहेरच्या टोकाला मास्किंग टेपचा एकच तुकडा, तोही बिनप्रिंटच्या पट्टीवर. मग तो जमिनीवर नाही तर भाजीच्या जाळीदार प्लास्टिक क्रेटवर उभा करायचा. क्रेट पालथं घाला, वर जाळी येईल असं. कारण सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते. रोल जमिनीवर उभा केला तर ती वाफ रोलच्या तळाशी साचून राहते आणि खालची सहा इंच पट्टी वरच्या भागापेक्षा बरीच उशिरा वाळते. क्रेटवर ठेवला की खालून निघायला वाट मिळते.

दोन क्रेट शेजारी शेजारी, मध्ये थोडी फट, आणि टेबल फॅन क्रेटच्या बाजूने असा लावायचा की वारा जाळीखाली शिरून रोलमधून वर जाईल. फुल स्पीड नको, वेढे एकमेकांवर आपटतात आणि गडद भागावर घासल्याचे डाग येतात. बारा तासांनी रोल उलटा करा, खालची बाजू वर. हे एवढं एक मिनिटाचं काम आहे पण त्याने दोन्ही कडा सारख्या वाळतात.

खोलीत हवा फिरली पाहिजे म्हणजे नुसता पंखा नाही, हवा बाहेर गेली पाहिजे. आमच्याकडे एक्झॉस्ट जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलाय, वाफ जड असते म्हणून. वर छताला लावलेला एक्झॉस्ट या कामाला तेवढा उपयोगी पडत नाही. समोरच्या बाजूने ताजी हवा यायला जागा पाहिजे. त्या खोलीत विडी-सिगरेट नाही, शेगडी नाही, देवाचा दिवासुद्धा नाही, आणि त्या खोलीत कोणी झोपायचं नाही. नाइटला ऑपरेटर मशीनशेजारीच अंथरूण टाकतो ते मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. वाफ खाली बसते आणि माणूसही खालीच झोपलेला असतो. डोकं जड होणं, डोळे चुरचुरणं ही त्याचीच लक्षणं, त्या पोरांची झोपायची सोय दुसरीकडे करा.

धूळ हा दुसरा त्रास. वाळत ठेवायच्या आधी झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्या, वाळत असताना झाडू अजिबात मारायचा नाही. पंख्याची पाती पुसा. सनबोर्ड कापायचं काम त्या खोलीत नको, त्याचा भुसा प्रिंटवर येऊन चिकटतो आणि लॅमिनेशनखाली प्रत्येक कण दिसतो.

किती तास

बहुतेक विनाइल कंपन्या सॉल्व्हंट प्रिंटसाठी कमीत कमी २४ तास सांगतात, काही ठिकाणी ४८ किंवा ७२ सुद्धा लिहिलेलं असतं. हा कमीत कमीचा आकडा आहे, आणि तोही मोकळ्या ठेवलेल्या प्रिंटसाठी, साधारण २०-२५ डिग्री आणि मध्यम दमट हवा धरून. आमचा दुकानातला हिशेब असा आहे: पांढऱ्यावर अक्षरं आणि लोगो, म्हणजे हलकी इंक असेल तर सैल केल्यापासून २४ तास. फुल फोटो, मध्यम इंक असेल तर ४८. गडद निळा, काळा, मरून असा पूर्ण भरलेला जॉब, किंवा बॅकलिटसाठी, म्हणजे मागून दिवा लागणाऱ्या बोर्डासाठी, डबल इंक मारलेलं असेल तर ७२, आणि कास्टवर गाडीचं काम असेल तर काहीही असो ४८ च्या खाली नाही. एका रोलवर हलकी आणि गडद अशी दोन्ही कामं असतील तर सगळ्यात गडद जे आहे त्याचा नियम पूर्ण रोलला.

प्रत्येक रोलवर मास्किंग टेप लावून मार्करने लिहितो: सैल केला मंगळवार सायं. ६.४०, उलटा केला बुधवार स. ७, लॅमिनेशन गुरुवार सायं. ६.४० नंतर. ऑपरेटर बदलला, मी दुकानात नसलो, तरी त्या टेपवर जे लिहिलंय तेच चालतं, फोनवर मीसुद्धा ते बदलत नाही. हा एक नियम केल्यापासून आमची भांडणं संपली.

वाळलं का ते तपासायचं कसं

बोट लावून काही कळत नाही, ते आधीच सांगितलं. आम्ही तीन गोष्टी करतो.

पहिली डब्याची. प्रत्येक जॉबच्या शेवटी त्या जॉबमधल्या सगळ्यात गडद रंगाची एक पट्टी, हातभर लांब, जास्तीची प्रिंट करायची आणि ती रोलसोबतच वाळवायची. लॅमिनेशनच्या आदल्या रात्री तिचा तुकडा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून बंद करून ठेवायचा. सकाळी झाकण उघडून हाताने हवा नाकाकडे घ्यायची, नाक आत घालून हुंगायचं नाही. गोडसर, रंगाच्या दुकानासारखा वास आला की अजून वाळलेलं नाही. मोकळ्या हवेत ज्या प्रिंटला काहीच वास येत नव्हता तिलाच डब्यात रात्रभर ठेवल्यावर केवढा वास येतो ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच धक्का बसला होता. तो डबा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही, त्यावर मार्करने लिहून ठेवा.

दुसरी वजनाची, ही मला सगळ्यात जास्त पटते. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्याच गडद पट्टीतून ए फोर साइजचा तुकडा घ्यायचा, आणि त्याच रोलमधून बिनप्रिंटचा अगदी तेवढाच दुसरा तुकडा. दोन्हींचं वजन सकाळ-संध्याकाळ करून वहीत लिहायचं. प्रिंटवाल्या तुकड्याचं वजन दुसऱ्या दशांशात उतरत जातं, कारण सॉल्व्हंट उडतंय. बिनप्रिंटचा तुकडा कशासाठी, तर रिलीज पेपर कागदाचा असतो, तो हवेतली ओल ओढतो आणि सोडतो, पावसाळ्यात त्याचंच वजन वाढतं आणि आपली फसगत होते. बिनप्रिंटच्या तुकड्यात जेवढा फरक पडला तेवढा प्रिंटवाल्यातून वजा करायचा. सकाळचा आणि संध्याकाळचा असे सलग दोन आकडे तेच आले की उडायचं ते उडालं. नवीन विनाइल किंवा नवीन इंक आली की एकदा हे करा, तुमच्या दुकानाचे, तुमच्या हवेचे खरे तास तुम्हाला मिळतील आणि मग रोज वजन करायची गरज नाही.

तिसरी एकदम सोपी. गडद भागाचा छोटा तुकडा सोलून हातात घ्या आणि शेजारी बिनप्रिंटचा तुकडा सोला. प्रिंटवाला जास्त लिबलिबीत वाटतोय का, हलकं ओढल्यावर जास्त ताणला जातोय का, त्याचा गम बोटाला तार धरतोय का. तिन्हींपैकी एक जरी हो असेल तर थांबा.

पावसाळा

आमच्याकडे जून ते सप्टेंबर सगळंच ओलं असतं, आणि नेमकं गणपतीचं काम त्यातच येतं. पावसाळ्यात प्रिंट उशिरा वाळते ती नुसत्या दमट हवेमुळे नाही, खिडक्या आपण लावून घेतो, एक्झॉस्ट पाणी येतं म्हणून बंद करतो, खोली थंड होते, हवा फिरायची थांबते, खरं कारण हे आहे. एक्झॉस्टला बाहेरून पत्र्याची झडप लावून घ्या आणि तो चालू ठेवा. खोलीत डिह्युमिडिफायर असेल तर चांगलंच, नसेल तर एसी २५-२६ वर चालवला तरी फरक पडतो, फक्त एसी आतलीच हवा फिरवतो म्हणून दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं दार उघडा. आणि तास सरळ दीडपट धरा.

ओलीचा मुख्य त्रास कागदाला होतो. रिलीज पेपर ओल पिऊन फुगतो, कडेने लाटा येतात, मग लॅमिनेशन करताना कडेला बोगद्यासारख्या नळ्या पडतात. न वापरलेला रोल प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा, आणि लॅमिनेशनची फिल्म आदल्या दिवशीच त्याच खोलीत आणून ठेवा, म्हणजे दोन्ही एका तापमानाला येतील.

लॅमिनेशन करताना

वाळलं याची खात्री झाली की पृष्ठभाग स्वच्छ मायक्रोफायबरने हलका पुसून घ्या, थिनर किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावू नका, मेहनतीने काढलेलं सॉल्व्हंट परत आत जातं. कास्ट विनाइलला कास्टचीच फिल्म, पॉलिमेरिकला (मोनोमेरिक आणि कास्टच्या मधल्या दर्जाच्या विनाइलला) पॉलिमेरिकची. वर स्वस्त मोनोमेरिक फिल्म मारली तर ती वेगळ्या दराने आखडते आणि कडा वळतात, मग लोक म्हणतात नीट वाळवूनही उचललं. फिल्मचं टेन्शन एवढंच ठेवा की सुरकुती पडणार नाही. जास्त ताणलेली फिल्म थोड्या वेळाने मूळ जागी जायला बघते आणि सोबत विनाइललाही वळवते. तपासायला एक हातभर तुकडा लॅमिनेट करून टेबलावर ठेवा, लगेच फिल्मच्या बाजूला वळायला लागला तर टेन्शन कमी करा. रोलरचं प्रेशर दोन्ही बाजूंना सारखं हवं आणि स्पीड सावकाश. लॅमिनेशन झाल्यावर परत लगेच कटरवर घालू नका, सपाट किंवा सैल रोल करून निदान रात्रभर ठेवा, गमाला बसायला वेळ लागतो.

कंटूर कट, म्हणजे डिझाइनच्या कडेने कापणं, तेसुद्धा वाळल्यानंतरच. काही जण प्रिंट-कट मशीनवर प्रिंट झाल्या झाल्या हाफ कट मारतात (खालचा कागद न कापता फक्त विनाइल कापतात) कारण रजिस्ट्रेशन, म्हणजे प्रिंट आणि कटचं जुळणं, बरोबर लागतं, पण ओल्या प्रिंटमध्ये कट मारला की कडेतून गम मऊ होतो, आणि छोट्या स्टिकरच्या कडा रोलवरच वर वळतात. रजिस्ट्रेशन मार्क लावून प्रिंट करा, वाळवा, लॅमिनेट करा, मग परत लोड करून कट मारा.

आधीच चूक झाली असेल तर

बबल आले की प्रत्येक वेळी दोष वाळवण्याचाच असतो असं नाही. लॅमिनेशन केल्या केल्या गडद भागावर चंदेरी धुकं दिसत असेल, आणि अंगठ्याने दाबल्यावर ते जात असेल, तर ते प्रेशर कमी पडल्याचं, एक-दोन दिवसांत बरंच कमीही होतं. लॅमिनेशनच्या वेळी काचेसारखं स्वच्छ होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद भागातच बारीक फोड उठले, दाबून जात नाहीत किंवा जाऊन परत येतात, तर ते अडकलेलं सॉल्व्हंट. असा रोल अजून लावलेला नसेल तर पूर्ण सैल करून आठवडाभर ठेवून बघता येईल, फिल्ममधूनही थोडं थोडं सॉल्व्हंट निघतं, दुकानाच्या आतल्या भिंतीवर लावायचा असेल तर कदाचित चालून जाईल. गाडीवर, उन्हातल्या बोर्डावर किंवा काचेवर लावायचा असेल तर लावू नका, परत प्रिंट करा. परत प्रिंटचा खर्च विनाइल आणि इंकचा आहे, लावून काढण्यात मजुरी, गम पुसणं आणि पार्टीचा विश्वास असं सगळं जातं.

अर्जंट जॉब

पार्टीला तारीख देतानाच वाळवायचे दिवस धरून द्या. आमच्या कोटेशनमध्ये आता एक ओळ छापलेली आहे की प्रिंट झाल्यापासून लॅमिनेशनपर्यंत दोन ते तीन दिवस लागतात. सुरुवातीला वाटलं गिऱ्हाईक तुटेल, पण समजावून सांगितलं की लोक ऐकतात, विशेषतः ज्यांच्या गाडीवरचं स्टिकर एकदा सुटलेलं आहे ते लगेच ऐकतात. खरोखरच उद्या पाहिजे असेल तर आम्ही ते काम शहरातल्या लेटेक्स किंवा यूव्ही मशीनवाल्याकडे पाठवतो. लेटेक्स मशीनमध्येच क्युअर होऊन बाहेर येतं, यूव्ही इंक दिव्याखाली जागेवर पक्की होते, दोन्हींना हे थांबणं लागत नाही. मार्जिन कमी राहतं पण पार्टी आपल्याकडेच राहते. लॅमिनेशनशिवाय चालणार असेल, समजा तीन दिवसांच्या प्रदर्शनाचा स्टॉल आहे, तर सॉल्व्हंटवरच प्रिंट करून रात्रभर मोकळी ठेवून बिनलॅमिनेशनची द्या आणि पार्टीला तसं बिलावर लिहून द्या, वरचा रस्ता उघडा असल्यामुळे ती भिंतीवरही वाळत राहते. पण गाडीसाठी रात्री प्रिंट, पहाटे लॅमिनेशन आणि सकाळी फिटिंग असं कोणी मागितलं तर मी सरळ नाही म्हणतो.